दार उघडं ठेवू या

(मंदिराच्या सभागृहात ज्येष्ठ सभासदांच्या मासिक सभेत झालेलं भाषण)



आरती झाली आहे, प्रसादाची वेळ जवळ आली आहे, त्यामुळे फार वेळ घेणार नाही. विषय मात्र जड आहे: राहायला घर नसलेली तरुण मुलं.

1974 साली पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान डेव्हन ॲव्हेन्यूवर निघालं. तेव्हापासून तूरडाळ आणि कढीपत्त्यासाठी आपण या रस्त्यावर येतो आहोत. इथे निराधार मूल सहसा दिसत नाही, म्हणून हा प्रश्न आपला नाही असं वाटतं. पण ही मुलं दिसतच नाहीत. आज एका मित्राच्या सोफ्यावर, उद्या दुसऱ्याच्या. रेड लाइनची गाडी रात्रभर चालते, म्हणून काहीजण तिच्यातच डुलक्या घेत रात्र काढतात.

शिकागो विद्यापीठाच्या चेपिन हॉल या संस्थेने 2017 मध्ये देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. 18 ते 25 वयाच्या दर दहा तरुणांपैकी एकावर वर्षभरात कधी ना कधी अशी वेळ आली होती. 13 ते 17 वयात हे प्रमाण तिसात एक होतं. शाळा पुरी न झालेल्यांना हा धोका साडेचार पट. समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर मुलांना दुपटीहून जास्त. हे शब्द आपल्यातल्या काहींना जड जातात, मलाही जात. पण ती मुलंही कुणाच्या तरी घरातलीच आहेत.

एक अनुभव सांगतो. ओळखीच्या मराठी कुटुंबातला एक मुलगा आमच्याकडे चार महिने राहिला. त्याने इंजिनिअरिंग सोडलं, तेव्हा वडील रागात म्हणाले, "चालता हो." आमच्याकडे येण्याआधी तो आठ रात्री मित्राच्या गाडीत झोपला होता. त्याची आई दर गुरुवारी आमच्या हिला फोन करायची आणि एवढंच विचारायची, "जेवला का?" वडिलांचा फोन कधी आला नाही. त्यांच्याशी मी बोलायला हवं होतं. दुसऱ्याच्या घरात कशाला पडा, म्हणून गप्प बसलो. त्याची खंत आजही आहे.

अशा मुलाला रात्री गादी लागते, सकाळी शाळा, मग डॉक्टर, कागदपत्रं, नोकरी आणि शेवटी भाड्याची खोली. एका संस्थेच्या हातचं हे काम नाही, म्हणून संस्था एकत्र येतात. 1976 साली शहरातल्या काही प्रार्थनामंडळांनी मिळून द नाइट मिनिस्ट्री सुरू केली. 2011 मध्ये याच संस्थेने लेकव्ह्यूमधल्या एका चर्चमध्ये तरुणांसाठी रात्रीचा निवारा उघडला. कायद्यासाठीही संस्थांना एकत्र झगडावं लागतं. 1987 च्या केंद्रीय कायद्यामुळे आज पत्त्याचा पुरावा नसला तरी बेघर मुलाला शाळेत प्रवेश मिळतो. प्रत्येक वेळी यश येतंच असं नाही. मोठ्या किमतीच्या मालमत्तांच्या विक्रीवर जास्त कर घेऊन बेघरांसाठी निधी उभारावा, असा प्रस्ताव अनेक संस्थांनी मिळून पुढे आणला होता. मार्च 2024 मध्ये शिकागोच्या मतदारांनी तो नाकारला. मुलांची गरज मात्र तेवढीच राहिली.

आपण काय करू शकतो? तीन गोष्टी.

पहिली, थंडीच्या आत नवे पायमोजे, हातमोजे आणि बसची कार्डं मंदिराच्या कार्यालयात आणून द्या. जुने कपडे नकोत. शिजवलेलं अन्न संस्थेला विचारल्याशिवाय नेऊ नये.

दुसरी, एक नंबर लिहून घ्या: 1-800-786-2929. ही नॅशनल रनअवे सेफलाइन. 1971 मध्ये आपल्या शिकागोतच सुरू झाली. दिवसरात्र, फुकट, आणि बोलणं गुप्त राहतं. मूलही फोन करू शकतं, आईवडीलही. घर सुरक्षित असेल आणि मुलाला परतायचं असेल, तर ग्रेहाउंड बसचं तिकीटही ते विनामूल्य मिळवून देतात.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. भक्त पुंडलिकाची कथा आपल्याला पाठ आहे. आधी तो आईवडिलांना फार वाईट वागवत होता. पुढे डोळे उघडले, मग त्याने त्यांची अशी सेवा केली की विठ्ठल विटेवर थांबून राहिला. आपण त्याची सेवा आठवतो. पण तो बदलून आला तेव्हा आईवडिलांनी त्याला जवळ केलं, म्हणून ती सेवा घडली, हे विसरतो.

नातवंडांच्या आणि मुलांच्या भांडणात आजी-आजोबांचा शब्द अजून चालतो. "चालता हो" असं कुणी म्हणालंच, तर आपण म्हणू या, "आजची रात्र माझ्याकडे राहू दे. उद्या बोलू."

राम कृष्ण हरी.