जुन्या गिअरबॉक्सचं तेल

दीड लाख किलोमीटर धावलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली, तेव्हा गॅरेजच्या मेस्त्रींनी बजावलं, "साहेब, गिअरबॉक्सच्या तेलाला हात लावू नका. बदललं की गिअर घसरतो."

श्रोतेहो, ही भीती अगदीच खोटी नाही, पण दोष नव्या तेलाचा नसतो. क्लच प्लेटा आधीच झिजलेल्या असतात आणि त्यांचा चुरा जुन्या तेलात मिसळून थोडीफार पकड देत असतो, इतकंच. म्हणून आधी तेल पाहावं. नवं असताना ते बहुधा लाल असतं. काळं पडलंय, जळका वास येतोय आणि गिअरही घसरतोय, तर नुसत्या तेलानं भागत नाही.

आमचं तपकिरी निघालं. तळाचं पॅन उतरवलं. चुंबकावर राखाडी लेप होता. तो असायचाच, धातूचे तुकडे नकोत. दाबानं धुऊन घेतलं नाही, कारण बसलेला गाळ उठून बारीक वाटांत अडकू शकतो. निघालं तेवढंच तेल बदललं, तेही पुस्तिकेत सांगितलेलंच. बरंचसं जुनं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतंच. हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा तेवढंच काढलं.

(हातानं गिअर टाकायच्या साध्या गाडीचं तेल मात्र बेलाशक बदला.)

मेस्त्री अजून आमच्या गाडीकडे संशयानंच पाहतात.