शिबिर आलं आमच्या गावी

कॉलेजच्या मुलामुलींचं शिबिर तुमच्याही गावात कधीतरी आलं असेल. राष्ट्रीय सेवा योजनेचं, ज्याला आपण एनएसएस म्हणतो ते. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला ही योजना सुरू झाली. पोरं सात दिवस गावात राहतात. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गाणी-नाटकं.

मागच्या पौषात आमच्याकडे ५० जणं आली आणि स्वयंपाक आमच्या बचत गटाकडे आला.

पहिल्याच दिवशी आम्ही फसलो. घरच्यासारखी माणशी दीड भाकरी धरली. सकाळभर वनराई बंधाऱ्यासाठी गोण्यांत माती भरलेली पोरं ती, दीड भाकरीनं त्यांचं काय होणार? शेवटच्या पंगतीला पिठलं संपलं. आणि शेवटच्या पंगतीला कोण, तर वाढून दमलेल्या मुली! दुसऱ्या दिवसापासून १५० भाकरी, तीन चुली, पहाटे चारला उठणं. वाढायला मुलगे. आधी लाजले, मग भांडून वाढायला लागले.

पण खरं सांगायचं ते पाण्याचं. मुलींच्या खोलीत ठेवलेला हंडा संध्याकाळी भरलेलाच परत यायचा. आम्हाला वाटलं, थंडी आहे, तहान लागत नसेल. तिसऱ्या दिवशी एका पोरीला चक्कर आली. चुलीपाशी बसवून गूळ-पाणी दिलं, तेव्हा हळूच म्हणाली, "काकू, संडासाला कडी नाही. रात्री तिकडे दिवा पण नाही. म्हणून आम्ही पाणीच पीत नाही."

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. शाळा आमच्याच गावची. आमच्या पोरी रोज तिथंच जातात, आणि घरी आल्या की आधी संडासाकडे पळतात. आम्ही हसायचो त्यांना.

त्याच संध्याकाळी चार-चार मुली घरोघरी वाटून घेतल्या. आंघोळ, संडास आमच्याकडे, झोपायला शाळेत. एकीची पाळी आली होती, तिला दोन रात्री घरीच ठेवली. सर आधी कुरकुरले, मुली विखुरल्या तर जबाबदारी कोणाची म्हणून. त्यांचंही चूक नव्हतं. मग ने-आण करायला आमच्यातल्या दोघी-दोघींची पाळी लावली.

स्वयंपाकाचे पैसे हातात पडायला होळी उजाडली, ते वेगळंच. यंदा निम्मे आगाऊ मागितलेत.

शिबिर गेल्यावर कडी आम्हीच आणून सुताराकडून बसवून घेतली. दिव्यासाठी ग्रामसभेत दोनदा उठून बोललो, तेव्हा लागला. पाण्याची टाकी अजून गळते. तिचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे, पोच आमच्याकडे आहे. यंदाचं शिबिर पुढच्या महिन्यात येतंय. सरांना फोन करून आधी मुली किती ते विचारलं, भाकरीचं नंतर.