बालवाडीतला बाप्या

उद्घाटक, स्वागताध्यक्ष, मंचावरील मान्यवर आणि गावोगावहून आलेल्या सेविका, मदतनीस, बालवाडीताई भगिनींनो,

वर्षभराच्या कामाचा आढावा छापील अहवालात आहे, तो वाचालच. मला बोलायचंय ते तीस वर्षं मनात अडकलेलं आहे.

आत्ता ‘भगिनींनो’ म्हणाले आणि थांबले. बंधू आहेत ते मंचावर. समोरच्या खुर्च्यांत एकही नाही.

कालपासून आपण भांडतोय, मुलग्यांच्या हाती बाहुली द्यावी का, मुलामुलींच्या ओळी वेगळ्या का, भिंतीवरच्या तक्त्यात आई स्वयंपाकघरातच का. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईबाबा मिळून भाजी निवडताना दिसले, तेव्हा मलाही आनंद झाला. पण मूल दुसरीत पोचेपर्यंत त्यानं काय पाहिलेलं असतं? नाक पुसते ती बाई. खिचडी वाढते ती बाई. तपासणीला येतात ते साहेब. मग तक्ते कितीही बदला!

एका पावसाळ्यात माझ्या बालवाडीतल्या मदतनीस ताई आजारी पडल्या. बदली मिळेना. त्यांचे यजमान यंत्रमागावर रात्रपाळी करायचे, ते काका सकाळी येऊ लागले. पहिल्या दिवशी मुलं भिंतीला चिकटून बसली. चौथ्या दिवशी एक चिमुरडी त्यांच्या मांडीवर झोपली. आमच्याकडे पाच वर्षांचा एक मुलगा होता. भातुकलीत तो कायम ‘बाबा’ व्हायचा, म्हणजे पाटावर बसून ‘वाढ’ म्हणायचा. वर्षभर मी त्याच्यापुढे पोळपाट-लाटणं ठेवलं, गोष्टी रचून सांगितल्या. हात लावेना. काका येऊ लागल्यावर दोनेक आठवड्यांनी त्यानं बोळक्यात खडे भरले, काकांसारखा खांद्यावर रुमाल टाकला आणि बाहुल्यांच्या पंगतीत वाढत सुटला. मी विचारलं, आज बाबा नाही का झालास? म्हणाला, “बाबाच आहे की. आधी बारक्यांना वाढतोय.”

महिन्याभरात तपासणी झाली. ‘बाप्या माणूस बालवाडीत कशाला?’ दुसऱ्या दिवसापासून काका बंद. आणि मी गप्प बसले. ते अजून सलतं.

मुलींच्या सुरक्षिततेची काळजी रास्तच आहे. दार उघडं असावं, मुलांपाशी दोन मोठी माणसं असावीत, नेमण्याआधी चौकशी व्हावी. हे नियम बाईलाही लागू करा. पण भीतीपोटी अर्धं जग दाराबाहेर ठेवू नका.

मी काही नवं मागत नाही. वकिली सोडलेले गिजुभाई बधेका 1920 साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात मुलांमध्ये मांडी घालून बसले. गुजरातीत त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणतात, मिशीवाली आई. त्यांच्यासोबत काम करून ताराबाई मोडक पुढे बोर्डी-कोसबाडला आल्या. आपल्या अंगणवाडीच्या मुळाशी एक मिशीवाली आई होती. ती गेली कुठे?

1975 साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि सेविका ‘मानसेवी’ ठरली. पगार नाही, मानधन. मूल सांभाळणं बाईच्या अंगातच असतं, त्याला कसला पगार, ही समजूत त्या एका शब्दात बसली आहे. ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा 2022 मध्ये हक्क मान्य झाला. ज्या कामाला पगार नाही, त्याला पुरुष कशाला येईल?

काल एक भगिनी मला म्हणाली, “बाई, आमच्या हाती आहे तेवढंही पुरुषांना देणार का?” नाही. तुमची एकही जागा न घटवता वाढीव जागा मागायच्या, पूर्ण पगाराच्या. कशा, ते कार्यकारिणीनं बसून ठरवावं. तोवर बाप-आजोबांना आठवड्यातून एक सकाळ बालवाडीत बोलवावं. वेळापत्रक ज्या त्या गावानं पाहावं.

ते काका आता थकलेत. बाजारात भेटले की त्या वर्षीच्या मुलांची नावं घेऊन चौकशी करतात. पुढच्या अधिवेशनाला त्यांना निमंत्रण जावं आणि त्यांची खुर्ची तिथे, तुमच्यात असावी, एवढं संयोजकांनी आजच लिहून घ्यावं.