आकाशलहरींवर हक्क कोणाचा?
(नेसरी येथे दिलेले व्याख्यान)



घरात दूरचित्रवाणीचा संच आला म्हणजे त्यावर जे दिसेल ते निमूटपणे पाहावे, न आवडल्यास संच बंद करावा, इतकाच आपला हक्क, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती कायद्याला धरून नाही.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरी डब्ल्यूएलबीटी नावाचे केंद्र होते. त्याच्या टापूत सुमारे 45 टक्के वस्ती कृष्णवर्णीयांची. परंतु त्यांचे प्रश्न त्या पडद्यावर येत नसत. 1955 साली कृष्णवर्णीयांचे नामवंत वकील थरगुड मार्शल एका कार्यक्रमात असता केंद्राने चित्र तोडले आणि तारेत बिघाड झाल्याची पाटी झळकविली. बिघाड तारेत नव्हता, हे सांगावयास नकोच! 1964 साली परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली, तेव्हा तेथील नागरिकांनी एका चर्चच्या साहाय्याने हरकत घेतली. त्यांनी आठवडाभराच्या कार्यक्रमांची बारकाईने नोंद ठेविली होती. परवाना देणारे सरकारी मंडळ म्हणाले, ज्याचे आर्थिक नुकसान झाले किंवा ज्याच्या लहरींत अडथळा आला, त्यानेच हरकत घ्यावी. प्रेक्षकाचा येथे संबंध नाही. 1966 साली अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले, आणि 1969 साली नूतनीकरणच रद्द ठरविले.

आपल्या देशात ही गोष्ट क्रिकेटच्या निमित्ताने निघाली. बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे व तिचा उपयोग जनहितासाठीच झाला पाहिजे. न्यायपीठावर आपल्याकडील न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. लहरींवर एकट्या सरकारची मक्तेदारी नको, तशीच धनिकांचीही नको, हे या निर्णयाचे मर्म होय.

त्याच वर्षी केबल दूरचित्रवाणीचा कायदा झाला. त्याखालील नियमांप्रमाणे एखाद्या धर्मावर वा समाजावर हल्ला करणारा कार्यक्रम दाखविता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनुसार कोणाही प्रेक्षकास वाहिनीकडे तक्रार करता येते. वाहिनीने 15 दिवसांत निर्णय दिला पाहिजे, आणि समाधान न झाल्यास वरच्या पायरीवर जाता येते. मात्र वाहिनी, कार्यक्रम, तारीख व वेळ लिहून ठेवा. माझ्याकडे आलेल्या एका तक्रारीत संताप भरपूर होता, तारीख मात्र नव्हती. जॅक्सनच्या लोकांनी वही आधी भरली, अर्ज मागाहून केला.

अनुसूचित जातींविषयी द्वेष पसरविणारे किंवा त्यांना पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करणारे भाषण बिगर अनुसूचित व्यक्तीने केले, तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही होतो. त्याची फिर्याद पोलीस ठाण्यात द्यावी. "तुम्ही बौद्ध झालात, हा कायदा तुम्हांस लागू नाही," असे कोणी सांगितल्यास गोंधळून जाऊ नका. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही समावेश झाला आहे. जातीचा दाखला तेवढा जवळ असू द्या.