सरकारला काय सांगितले, ते छापा



1983 साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडले.  आपल्या लोणी काळभोरच्या राजबागेतले खासगी विद्यापीठही 2015 च्या स्वतंत्र कायद्याने उभे राहिले. अशा निर्णयांआधी सरकारला कोणी काय सांगितले, एवढाच माझा प्रश्न आहे; माझा कोणत्याही संस्थेवर आरोप नाही. संस्थाचालकांनी, शिक्षक संघटनांनी, पालकांनी सरकारदरबारी आपले म्हणणे मांडावे; तो त्यांचा हक्क आहे. मात्र कोणी, कोणाला, काय सांगितले हे धोरण ठरण्याआधी लोकांना वाचायला मिळाले पाहिजे.

ही परंपरा आपल्याच पुण्याची आहे. 1882 साली शिक्षणाची पाहणी करणारा हंटर आयोग आला, तेव्हा जोतीराव फुल्यांनी 19 ऑक्टोबरला लेखी निवेदन दिले. महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी हिशेबासारखे मांडले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. पंडिता रमाबाईंनीही याच आयोगापुढे साक्ष दिली. आयोगापुढच्या साक्षी छापल्या गेल्या, म्हणून आज आपण त्या ताडून पाहू शकतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे 1911 चे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढल्या वर्षी 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. पण ते पडले सर्वांसमोर, नोंद होऊन. परक्या सरकारच्या काळातल्या या नोंदी आपल्याला मिळतात, मग आपल्या सरकारच्या का मिळू नयेत?

आज याविषयी कायदा नाही असे नाही. धोरण आखताना संबंधित माहिती प्रसिद्ध करा, असे माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सांगते. विधेयकाचा मसुदा तीस दिवस लोकांसमोर ठेवा, आलेल्या अभिप्रायांचा सारांश संकेतस्थळावर द्या, असे केंद्राने 2014 मध्ये ठरवले. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणासाठी दोन लाखांहून अधिक सूचना आल्याचे सांगितले गेले. त्यांतल्या कोणत्या सूचनेने कोणते वाक्य बदलले, हे सामान्य पालकाने कुठे शोधायचे? अमेरिकेत अशा नोंदींचा 1995 पासून कायदा आहे. सरकारकडे कोणासाठी, कोणत्या विषयावर रदबदली केली आणि किती खर्च केला, हे पैसे घेऊन ती करणाऱ्यांना आता दर तिमाहीला कळवावे लागते. वॉलमार्टने भारतीय बाजारपेठेसाठी तिथे केलेली खटपट 2012 मध्ये आपल्या संसदेत गाजली, तीही तिथल्याच कागदांमुळे.

नोंदींनी अमेरिकेतला पैशाचा प्रभाव कुठे संपला, असे कोणी विचारील. संपला नाही, पण तो मोजता येतो आणि त्याच्याविरुद्ध पुराव्यानिशी बोलता येते. अशा नोंदींमुळे छोट्या शाळांना कागदपत्रांचा जाच होईल, हा आक्षेप खरा आहे. म्हणून नोंदीचा भार भेटणाऱ्यावर नको, भेट देणाऱ्या मंत्र्यावर आणि सचिवावर हवा. सगळे फोनवर होईल म्हणाल, तर फोनवरचे म्हणणे फाइलवर आल्याशिवाय निर्णयात धरू नये, असा नियम करा. शेवटी मागणी नेमकी सांगतो: शिक्षणाचे प्रत्येक विधेयक सभागृहात मांडताना त्याला भेटींची आणि निवेदनांची यादी जोडलेली असावी, आणि ती मराठीत असावी.