ताई, दात कशानं घासता?



गर्भवतींमधलं व्यसन हा साताऱ्यातल्या या आपल्या परिषदेचा विषय. व्यसन म्हटलं की दारू-सिगारेट डोळ्यांपुढे येते. आपल्या भागातल्या गरोदर मातांच्या रांगेत मात्र मिश्री असते. तंबाखू तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, कुटायचा, सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचा आणि बराच वेळ तोंडात धरायचा. दाढ दुखते म्हणून सुरुवात होते. पुढे लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. सासू लावते, जाऊ लावते, मग याला व्यसन कोण म्हणणार? ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की ती ‘नाही’ म्हणते, आणि तिच्या लेखी ते खरंच असतं. आपण कार्डावर तसं लिहितो आणि पुढचं नाव पुकारतो.

डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या १,२१७ स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं, बाळंतपणही सरासरी सहा दिवस आधी झालं. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे काय, हे इथल्या परिचारिकांना मी सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ पासून सांगितलं आहे, की पहिल्या भेटीपासून प्रत्येक भेटीत तंबाखूबद्दल विचारा. माझी विनंती एवढीच, की तिच्या रोजच्या जगण्यातलं विचारा. रक्तदाब घेता घेता, सोबतच्या माणसांना जरा बाहेर बसवून म्हणा, ‘ताई, दात कशानं घासता?’ मिश्री म्हणाली तर रागावू नका. रागावलात तर पुढच्या खेपेला ती खरं सांगणार नाही, कदाचित येणारही नाही. दिवसातून किती वेळा लावते, कधी तलफ येते, आधी कोणती वेळ सोडता येईल, हे तिच्याशीच बोलून ठरवा. मग तिची हरकत नसेल तर सासूबाईंनाही आत बोलवा. घरात रोज तवा तापतो तोवर सून एकटी कशी सोडेल?

पहिल्या सत्रात गावोगावहून आलेल्या आशाताई आधी बोलतील, तज्ज्ञ नंतर. हा क्रम आम्ही मुद्दाम ठेवला आहे. आशाताईंना वेळ कमी पडला, तर तो स्वागत-सत्काराच्या वेळेतून द्यावा, असं मी सूत्रसंचालकांना आधीच सांगून ठेवलं आहे.