बाबा, अभ्यासाचं नको



माझा मुलगा न्यू जर्सीत जन्मला, तिथंच वाढला. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यानं अमेरिकी नौदलाच्या अणुविभागात भरती व्हायचं ठरवलं. त्यासाठी तिथलं नागरिकत्व लागतं आणि सुरक्षेची कसून चौकशी होते. एका रात्री जेवणाच्या टेबलाशी बसून तो लॅपटॉपवर चौकशीचा फॉर्म भरत होता. गेल्या सात वर्षांत कोणत्या परदेशी व्यक्तींशी तुमचा जवळचा संबंध होता, असा त्यात प्रश्न होता. पोरानं पहिलं नाव घातलं माझ्या आईचं. राहणार कऱ्हाड. मग दर मे महिन्यातल्या आमच्या फेऱ्यांच्या तारखा आम्ही दोघांनी जुने पासपोर्ट काढून जुळवल्या.

आईचं ते नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

भरतीनंतर शिकागोजवळच्या ग्रेट लेक्सला कवायतीचं प्रशिक्षण होतं. काही दिवसांनी घरी एक पुठ्ठ्याचं खोकं आलं. त्यात जाताना अंगावर असलेले कपडे आणि बूट. बुटांच्या तळाला आमच्याच अंगणातली माती वाळून बसली होती. हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते बूट धुऊ दिले नाहीत.

खरा अभ्यास त्यानंतर सुरू होतो, साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टनजवळच्या गूस क्रीकला. आधी आपापल्या कामाचं शिक्षण, मग सहा महिन्यांचं न्यूक्लियर पॉवर स्कूल, आणि शेवटी सहा महिने चालू अणुभट्टीवर प्रत्यक्ष काम. मधल्या शाळेत गणित, पदार्थविज्ञान, रसायन, उष्णतेचं वहन, अणुभट्टीची तत्त्वं, किरणोत्सर्ग, सगळं एकामागून एक अंगावर येतं. वर्गच आठवड्याला चाळीसहून जास्त तास. गुण चारपैकी, पास व्हायला अडीच. गुण घसरले की वर्गाबाहेरच्या अभ्यासाचे सक्तीचे तास वाढतात. ही मुलं बरीचशी अठरा-एकोणीस वर्षांची असतात.

इतकी कडक शिस्त कशासाठी, याचं उत्तर ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांच्यात आहे. पोलंडमधून लहानपणी आईबरोबर अमेरिकेत आलेला हा मुलगा पुढं अणुनौदलाचा जनक ठरला. 'नॉटिलस' ही जगातली पहिली अणुपाणबुडी 17 जानेवारी 1955 रोजी अणुशक्तीवर निघाली, ती त्यांच्या हट्टामुळं. अणुविभागात येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत ते स्वतः घेत. समुद्राखाली, शंभरावर माणसांच्या शेजारी भट्टी चालते. तिथं 'साधारण येतं' असं म्हणणारा माणूस चालत नाही. हे मला पटतं. बाप म्हणूनही पटतं.

पण माझी पंचाईत वेगळीच झाली. मी इंजिनिअर. पहिलीपासून त्याचं गणित मी घेतलेलं. आमच्याकडं माया म्हणजे शेजारी बसून गणितं सोडवून घेणं; आपल्या कितीतरी घरांत ती तशीच असते. आणि इथला अभ्यास गोपनीय! वही इमारतीबाहेर काढता येत नाही, फोन आत नेता येत नाही. रात्री उशिरापर्यंत तो आत बसून वाचायचा आणि खोलीवर रिकाम्या हातानं परतायचा. माझ्या हातातलं एकमेव हत्यार गळून पडलं.

मग उरलं काय, तर चौकशी. "किती पडले? वर्गात कितवा? बाकीच्यांना किती?" दर फोनला हेच. नौदल आई-बापांना गुण कळवत नाही, त्यामुळं माझी तगमग जास्तच. एका रविवारी तो पार्किंगमधून बोलत होता. आदल्या दिवशी त्याच्या खोलीतल्या मुलाला अभ्यासक्रमातून काढलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "पेपर कसा गेला?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "बाबा, अभ्यासाचं नको." त्यानंतर तीन आठवडे मला फोन नाही. नुसते मेसेज.

त्या तीन आठवड्यांत तो दर दोन दिवसांनी कऱ्हाडला फोन करत होता, हे मला आईकडून कळलं. मी चिडलो. तिला विचारलं, तू असं काय बोलतेस त्याच्याशी? ती म्हणाली, "काय बोलणार, घरचं सांगते."

तिचा थोरला भाऊ फौजेत होता. साताऱ्याकडच्या घरांना हे नवं नाही. तो रजेवर आला की तिथं काय करतोस, हे घरात कुणी विचारायचं नाही. त्याला सांगताही यायचं नाही. त्याला सांगायचे ते विहिरीला पाणी किती, म्हैस कधी व्यायली, कुणाच्या लग्नात कोण रुसलं. तेच ती नातवाला सांगत होती, अर्धवट मराठी समजणाऱ्या पोराला. दिवसभर अणुभट्टी डोक्यात घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला तेवढी पंधरा मिनिटं दुसऱ्या जगात नेत होती. मी मात्र त्याला फोनवरून पुन्हा त्याच इमारतीत ढकलत होतो.

मी बदललो. सहज नाही. फोनशेजारी कागदावर लिहून ठेवायचो: शेजारचं कुत्रं, हिची भाजी करपली, आंब्याची पेटी. हळूहळू फोन परत सुरू झाले.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अभ्यासाचं विचारू नका याचा अर्थ लक्ष ठेवू नका असा नाही. झोप सलग उडाली, जेवण सुटलं, आवाजातला जीव गेला, "मी नसलेलाच बरा" असं वाक्य एकदा जरी आलं, तर तिथं गप्पा थांबवायच्या आणि सरळ विचारायचं. नौदलातल्या धर्मगुरूंशी म्हणजे चॅप्लेनशी झालेलं बोलणं पूर्ण गुप्त राहतं, मुलाचा धर्म कोणताही असो. ब्रँडन ॲक्ट म्हणून डिसेंबर 2021 मध्ये झालेला कायदा आहे. त्यानुसार सैनिक कारण न देता वरिष्ठाकडं मानसिक तपासणी मागू शकतो. 988 लावून 1 दाबलं की सैनिकांसाठीची मदत मिळते. हे आकडे मुलाला आधीच, बऱ्या दिवसांत सांगून ठेवा. आणि हेही सांगा की या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेली मुलं नौदलात दुसरी कामं करतात, नीट करतात. त्याच्या खोलीतला तो मुलगाही करतोय.

शेवटचे सहा महिने त्याला न्यूयॉर्क राज्यात बॉल्स्टन स्पाजवळ मिळाले. चालती भट्टी, फिरत्या पाळ्या, कधी दिवस कधी रात्र. एकेका यंत्राची माहिती तोंडी देऊन सही मिळवायची, अशा सह्यांचं कार्ड भरत न्यायचं आणि शेवटी परीक्षकांपुढं उभं राहायचं. पाळ्यांचा कागद मी फ्रिजवर चिकटवला होता, झोपलेल्याला फोन जाऊ नये म्हणून. एकदा तरी चुकलोच. पहाटेची पाळी समजून फोन लावला, तो तासाभरापूर्वी आडवा झाला होता. काही न बोलता ठेवून दिला.

त्याची अंतिम परीक्षा कधी होती, ते मी विचारलं नाही. फेब्रुवारीतल्या एका सकाळी माझा फोन वाजला. नंबर कऱ्हाडचा. आई म्हणाली, "पास झाला रे. आत्ताच बोलला. झोप म्हटलं मी त्याला, तू आता फोन करू नकोस."